जर्मनीत एमओएफवर पीएच.डी.: गट निवडताना काय पाहावे

तुम्ही माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, जर्मनीत धातुआयन सेंद्रिय रेणूंनी जोडून बनलेल्या सच्छिद्र जाळ्यांवर, म्हणजे एमओएफवर, पीएच.डी. करू इच्छिता आणि वायुशोषणाचा गट घ्यावा की प्रकाश देणाऱ्या पदार्थांचा, असे तुम्ही विचारले आहे. मी पवईहून इथे जर्मनीत येऊन याच विषयात काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पृष्ठफळाच्या, म्हणजे छिद्रांच्या आतील एकूण क्षेत्रफळाच्या, मोठ्या आकड्यांवरून गट निवडू नका. तिथे दमट वायूवर मोजमापे होतात का, हे आधी विचारा. वायुशोषणात मुख्य काम असते धुरातल्या नायट्रोजनपासून कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्याचे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा व्यास सुमारे ३.३ अँगस्ट्रॉम आणि नायट्रोजनचा ३.६, एवढ्याशा फरकावर नुसत्या चाळणीने भागत नाही, म्हणून छिद्रांतील उघडे धातुआयन किंवा अमाइन हे नायट्रोजनयुक्त रासायनिक घटक यांच्या ओढीवर भिस्त ठेवावी लागते. धुरात मात्र पाण्याची वाफ असतेच आणि धातूच्या त्या जागा पाणीच आधी पटकावते. १९९९ साली प्रसिद्ध झालेला एमओएफ-५ जुलैतल्या मुंबईत उघडा ठेवला, तर पावडर पांढरीच दिसते, पण एक्स-रे आलेखातील मूळ शिखरे ओसरून भलतीच उभी राहतात, म्हणजे आतली जाळीच बदललेली असते. याउलट ऑस्लोच्या गटाने २००८ साली मांडलेला झिर्कोनियमचा यूआयओ-६६ पाण्यात टिकतो, आणि कॅल्गरीत तयार झालेला झिंकचा कॅल्फ-२० मध्यम आर्द्रतेतही कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो. मला हे काम या क्षेत्रात सर्वांत मोलाचे वाटते.

आता प्रकाश देणारे एमओएफ. त्यांतील युरोपियम आणि टर्बियम या दुर्मिळ मृदा धातूंपैकी युरोपियमचा तांबडा आणि टर्बियमचा हिरवा प्रकाश खरोखरच मोहक असतो. हे आयन स्वतः प्रकाश फारच कमी शोषतात. लिगंड, म्हणजे धातूला जोडलेला सेंद्रिय रेणू, अतिनील किरण शोषून ती ऊर्जा त्यांच्याकडे सोपवतो, आणि छिद्रात शिरलेल्या रेणूमुळे यात व्यत्यय आला की चमक मंदावते. सेन्सर यावरच चालतात. युरोपियमची ऊर्जा पाण्याच्या ओ-एच बंधांच्या कंपनांतही वाया जाते, त्यामुळे पाण्याचा प्रश्न इथेही सुटत नाही.

म्हणून मी वायुशोषणाचा गट सुचवीन. प्रकाशमापन सहयोगी प्रयोगशाळेत शिकता येते, पण दमट वायुमिश्रण एमओएफ भरलेल्या स्तंभातून सोडून मोजण्याची सोय सगळीकडे नसते. निघण्यापूर्वी नमुना सक्रिय करण्यात, म्हणजे त्याची छिद्रे रिकामी करण्यात, हात बसवा: आधी सॉल्व्हंट बदलून मगच व्हॅक्यूममध्ये सावकाश तापवायचे, कारण घाई केल्यास नाजूक जाळी कोसळते.

व्यवहाराचे म्हणाल, तर इथे पीएच.डी. बहुधा पगारी करारावर होते. पद अर्धे आहे की दोन-तृतीयांश, आणि करार किती वर्षांचा, हे होकार देण्यापूर्वी लेखी मागून घ्या.