पगार किती, घर कोणाच्या नावावर आणि खून कोणी केला

मागच्या अंकात जुन्या अमेरिकन क्राइम पिक्चरवर, म्हणजे ज्याला फिल्म न्वार म्हणतात त्यावर, मी थोडंसं लिहिलं होतं. त्यातही जिथे गँगस्टर नाहीत, नोकरी करणारी आणि घर चालवणारी साधी माणसं आहेत असे पिक्चर मला जास्त जवळचे वाटतात असं म्हटलं होतं. त्यावर ठाणे-नवी मुंबईतून बरेच प्रश्न आले, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्याच विषयावर.

प्रश्न (ऐरोली): नमस्कार ताई. आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये महिन्यातून एका शनिवारी जुना पिक्चर लावतो. या वेळी एक डिटेक्टिव्हवाला ब्लॅक अँड व्हाइट लावला तर अर्धे लोक मध्येच उठून गेले, कोण कोणाचा माणूस तेच कळेना. आता कमिटी म्हणते असले परत नको. काय करू?

उत्तर: अहो परत लावा, फक्त पिक्चर बदला. डिटेक्टिव्हवाल्या गोष्टीत आपण बाहेरचेच राहतो, त्याच्या ऑफिसात बाई येते, मग नाइटक्लब, मग बंदुका, आणि गोष्ट इतकी गुंतते की मागे चहाचे कप फिरत असतील तर धागा सुटणारच. तुम्ही १९४४ चा बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' लावा. त्यात मुख्य माणूस इन्शुरन्स एजंट आहे. लॉस एंजेलिसमध्ये दारोदार फिरून पॉलिसी विकणारा, गाडीच्या विम्याचं रिन्यूअल राहिलंय म्हणून एका घरी जातो, नवरा घरी नसतो, बायको असते. तिला नवऱ्याचा अपघात विमा काढायचाय आणि तो नवऱ्याला कळू न देता काढायचाय. एलआयसीची पॉलिसी घेताना अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम हे आपल्याकडे घराघरात ऐकलेलं असतं, त्यामुळे तुमच्या लोकांना काही समजावून सांगावं लागणार नाही. इथे कलम असंय की ट्रेनच्या अपघातात माणूस गेला तर पन्नास हजार डॉलरचे एक लाख.

आणि पिक्चरच्या सुरुवातीलाच तो एजंट रात्री ऑफिसात येऊन डिक्टाफोनवर, म्हणजे बोललेलं रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर, सगळं कबूल करतो, पैशासाठी केलं आणि बाईसाठी केलं आणि दोन्ही मिळालं नाही. म्हणजे कोणी केलं हा प्रश्नच उरत नाही, दहा मिनिटं उशिरा आलेल्या माणसाला शेजारचा एका वाक्यात सांगू शकतो. मग बघायचं काय, तर तो कसा कसा घसरत गेला ते.

मला त्यात खुनापेक्षा जास्त भीती वाटते ती सहीच्या सीनची. सगळे दिवाणखान्यात बसलेत, नवऱ्याला वाटतं गाडीच्या अर्जाची दुसरी कॉपी आहे, एजंट म्हणतो इथे सही करा, तो न वाचता करतो. फ्लॅटच्या लोनच्या वेळी आपणही गठ्ठ्याने अशाच सह्या करतो ना, म्हणून तो सीन आपल्याकडच्या माणसाला जास्त लागतो असं मला वाटतं. पुढे ती दोघं प्लॅनिंग करायला भेटतात कुठे, तर किराणा मालाच्या मोठ्या दुकानात, डबाबंद सामानाच्या रांगांमध्ये, आजूबाजूला बायका खरेदी करतायत आणि ही दोघं एकमेकांकडे न बघता बोलतायत. वाइल्डर अंधाराच्या जागा सोडून भर दिवसा वाणसामानात उभं करतो त्यांना, आणि ते जास्त भयानक वाटतं.

क्लेम खात्याचा प्रमुख कीज, म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन, हा माझ्या मते पिक्चरचा जीव आहे. आत्महत्या किती प्रकारे होतात याची आकडेवारी तो साहेबासमोर एका दमात म्हणून दाखवतो आणि सांगतो की इतक्या सगळ्यांत चालत्या ट्रेनमधून उडी मारलेला एकही नाही. आपलं काम इतकं मनापासून करणारा माणूस पडद्यावर फार कमी वेळा दिसतो. तो एजंटला आपला असिस्टंट हो म्हणतो, पगार थोडा कमी पण टेबलावरचं विचाराचं काम, आणि एजंट नको म्हणतो. त्या नकारावर तुमच्या ग्रुपला नक्की बोलायला लावा.

ही गोष्ट हवेतून आलेली नाही बरं का. १९२७ मध्ये न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर नावाच्या बाईने एका सेल्समनच्या मदतीने नवऱ्याला मारलं, त्याआधी दुप्पट रकमेच्या कलमाचा विमा त्याच्या नकळत काढून ठेवला होता. दोघांनाही १९२८ च्या जानेवारीत देहदंड झाला. जेम्स केनने त्यावरून कादंबरी बेतली आणि त्यावर हा पिक्चर.

प्रश्न (नेरुळ): ताई, आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपचं म्हणणं असं की या पिक्चरमध्ये बाई म्हणजे नुसती नागीण, पुरुष बिचारा भोळा. मग आम्ही बायकांनी बघावंच कशाला?

उत्तर: तक्रार खरी आहे, बऱ्याच पिक्चरमध्ये तसंच आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण सगळा न्वार तसा नाही, आणि तुमच्या ग्रुपने मॅक्स ओफ्युल्सचा १९४९ चा 'द रेकलेस मोमेंट' बघावाच असा माझा आग्रह आहे. त्यातली लुसिया समुद्राकाठच्या छोट्या गावात राहणारी गृहिणी. नवरा कामासाठी बर्लिनला, घरात सासरे, कॉलेजातली मुलगी, लहान मुलगा. मुलगी एका वाया गेलेल्या माणसाच्या नादी लागलीये, आणि एका सकाळी तो माणूस त्यांच्या बोटहाउसजवळ मेलेला सापडतो. आईला वाटतं हे मुलीच्या हातून झालंय. ती कोणालाही न सांगता स्वतः बोट काढून प्रेत दूर टाकून येते, आणि घरी येऊन परत घरकामाला लागते.

मग ब्लॅकमेलर येतो, पाच हजार डॉलर मागतो. इथून पुढे जे आहे ते मला दुसऱ्या कुठल्या क्राइम पिक्चरमध्ये दिसलं नाही. तिला पैसे उभे करायचेत पण तिच्या एकटीच्या नावावर काही नाही, कर्ज मागायला गेली की नवऱ्याची चौकशी, शेवटी दागिने गहाण. आणि हे चालू असताना घरात कोणी तिला दोन मिनिटं एकटं सोडत नाही, मुलगा काहीतरी मागतो, सासरे मध्येच येतात, नवऱ्याचा ट्रंक कॉल आला तर सगळे फोनभोवती जमा, त्यात ती काय बोलणार. कॅमेरा सतत तिच्या मागे, जिना चढ, जिना उतर. ज्या बाईने घर सांभाळून काहीतरी मनात दाबून ठेवलंय तिला हे बघताना छातीवर दडपण येईल, म्हणून सांगते की एकटीने बघू नका, ग्रुपनेच बघा आणि नंतर बसून बोला.

दुसरा १९४५ चा 'मिल्ड्रेड पिअर्स'. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई आधी घरून 'पाय' नावाचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ करून विकते, मग वेट्रेस होते, मग स्वतःची हॉटेलं उभी करते, आणि मोठ्या मुलीला आईच्या वेट्रेसच्या युनिफॉर्मची लाज वाटते. नौपाड्यात, नेरुळात पोळीभाजी केंद्रं चालवून मुलांना शिकवलेल्या बायका आपण बघतो, त्यामुळे हे समजायला अमेरिका माहीत असायची गरज नाही. केनच्या मूळ कादंबरीत खून नाहीच आहे, तो पिक्चरवाल्यांनी घातला आणि गोष्ट पोलीस स्टेशनातून मागे जात सांगितली. माझं मत विचाराल तर खुनाशिवायही ही गोष्ट तेवढीच काळी आहे. जोन क्रॉफर्डला या कामासाठी ऑस्कर मिळालं, आणि ते अगदी योग्य मिळालं.

प्रश्न (घोडबंदर रोड): माझे बाबा बँकेत कॅशियर होते, आता रिटायर. त्यांना जुने इंग्लिश पिक्चर आवडतात म्हणून 'स्कार्लेट स्ट्रीट' लावून दिला, तर ते बघून दोन दिवस गप्पच होते. मी चुकीचं केलं का? असे अजून दाखवू की थांबू?

उत्तर: (ज्यांनी हा पिक्चर बघितला नाही त्यांनी हे उत्तर सोडून पुढे जा, शेवट सांगावा लागतोय.)

चुकीचं काही केलं नाहीत तुम्ही, पण बाबा गप्प का झाले ते मला समजू शकतं. फ्रिट्झ लँगचा हा १९४५ चा पिक्चर सुरूच होतो एका कॅशियरच्या सत्काराने, पंचवीस वर्षं इमानदारीने नोकरी केली म्हणून साहेब सोन्याचं घड्याळ देतो. घरी आलं की बायकोची बोलणी, भिंतीवर तिच्या पहिल्या नवऱ्याचा भलामोठा फोटो, आणि चित्रं काढायची एवढीच एक हौस, तीही बाथरूममध्ये उभं राहून. या माणसावर एक तरुण मुलगी गोड बोलते तर तो वितळणारच, मग तिच्यासाठी ऑफिसच्या तिजोरीला हात. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या आणि एक रुपयाचा फरक आला तर रात्री उशिरापर्यंत टॅली करत बसले त्यांना हे बघताना काय होत असेल!

त्यात त्या काळच्या हॉलिवूडचा नियम असा की गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, १९३४ पासून तो प्रॉडक्शन कोड कडक पाळला जायचा. इथे खून करतो कॅशियर आणि मृत्युदंड होतो दुसऱ्याला. लँगने कॅशियरची शिक्षा त्याच्या डोक्यात ठेवली, मेलेल्यांचे आवाज त्याला ऐकू येत राहतात. न्यू यॉर्क राज्याच्या सेन्सॉरने १९४६ मध्ये सुरुवातीला पिक्चर अडवलाच होता. मला विचाराल तर फाशीपेक्षा ही शिक्षा बघायला कितीतरी जड आहे.

तुम्ही बाबांना पुढचा पिक्चर लावून देऊ नका लगेच, आधी त्यांच्याशी बोला. पिक्चर आवडला का असं नको, बँकेतल्या त्यांच्या दिवसांबद्दल विचारा, कॅश कमी भरली की काय व्हायचं, तेव्हा कोण सोबत थांबायचं, मनासारखं काय करायचं राहिलं. ते आपणहून बोलायला लागले तर मग पुढचा दाखवा.

प्रश्न (वाशी): पिक्चर संपल्यावर चर्चा काय करायची? आमच्याकडे सगळे फक्त लाइटिंग छान होतं म्हणतात आणि जेवायला जातात.

उत्तर: लाइटिंग छान असतंच, 'डबल इन्डेम्निटी'त कॅमेरामन जॉन साइट्झने खिडकीच्या पट्ट्यांच्या ज्या सावल्या पाडल्यात त्या बघतच राहावं. पण तिथून सुरुवात केली की चर्चा लगेच संपते. आपल्याकडे लग्नाचं स्थळ बघताना जे विचारतात तेच विचारा ना, हा करतो काय, पगार किती, घर कोणाच्या नावावर, कर्ज आहे का. या पिक्चरमध्ये सगळं तिथेच अडलेलं असतं. आणि मग एकच विचारा की हा माणूस कुठल्या सीनपर्यंत परत फिरू शकत होता. यावर कधीच एकमत होत नाही. १९४८ चा 'पिटफॉल' लावून बघा, त्यातला इन्शुरन्सवाला सकाळी नाश्त्याच्या टेबलावरच रोज तेच तेच म्हणून कंटाळलाय, चांगली बायको आहे, मुलगा आहे, आणि वसुलीच्या कामाने एका बाईकडे जातो. कोणी म्हणेल दारातूनच परत यायचं होतं, कोणी म्हणेल बायकोला त्याच रात्री सांगितलं असतं तर वाचला असता, आणि शेवटच्या सीनमध्ये बायको जे ठरवते त्यावर तर वाशीत जेवणं थंड होतील.

प्रश्न (कळवा): आपल्याकडे असे पिक्चर झाले नाहीत का?

उत्तर: हिंदीत पन्नाशीच्या दशकात झाले, १९५१ चा गुरुदत्तचा 'बाजी', १९५६ चा राज खोसलाचा 'सी. आय. डी.', पण ते बहुतेक जुगार, क्लब, पोलीस या जगातले, चाळीत किंवा ब्लॉकमध्ये राहणाऱ्या कारकुनाच्या घरात ते फारसे शिरत नाहीत. मराठीत राजा परांजपेंचा १९६४ चा 'पाठलाग' मला जवळचा वाटतो, बायको गेली म्हणून दुःखात असलेल्या माणसासमोर तिच्यासारखीच दिसणारी बाई उभी राहते आणि मीच तुझी बायको म्हणते. त्याचाच राज खोसलाने १९६६ मध्ये 'मेरा साया' केला. तुमच्याकडच्या ज्येष्ठांना 'पाठलाग' आधी दाखवा, मग इंग्लिशकडे वळणं सोपं जाईल.

प्रश्न (पाचपाखाडी): मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिला सोबत घेऊन बघता येईल असा एखादा?

उत्तर: हिचकॉकचा १९४३ चा 'शॅडो ऑफ अ डाउट'. बाबा बँकेत, आई घरी, छोटं सांता रोझा गाव, आणि आईचा लाडका भाऊ राहायला येतो, सगळ्यांना भेटवस्तू, भाचीला अंगठी. भाचीचं नावही त्याच्याच नावावरून, चार्ली. मामा म्हटलं की आपल्याकडे लाडच लाड, त्यामुळे मामाबद्दल संशय यायला लागतो तेव्हा तिला जे होतं ते मराठी पोरीला दुप्पट समजेल. मामाने पेपरातलं एक पान फाडून ठेवलंय, ते काय होतं बघायला ती रात्री लायब्ररी बंद होताना धावत जाते, विनवणी करून आत शिरते आणि एकटी उभी राहून बातमी वाचते, आणि कॅमेरा हळूहळू वर वर जातो. रक्त कुठे दिसत नाही, शिवीगाळ नाही. आईला हे सांगायचं की नाही, हा प्रश्न त्या मुलीने ज्या पद्धतीने सोडवलाय त्यावर तुमच्या मुलीचं मत जरूर ऐका, आणि मध्ये बोलू नका.

प्रश्न (खारघर): फुकट आणि कायदेशीर कुठे मिळतील? सबटायटल पळतात त्याचं काय?

उत्तर: 'स्कार्लेट स्ट्रीट', १९५० चे 'डी. ओ. ए.' आणि 'क्विकसँड' हे अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळे आहेत, इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर शोधा. 'डी. ओ. ए.' तर मला फार आवडतो, एक साधा अकाउंटंट एका कागदावर नोटरीचा शिक्का मारतो आणि तेवढ्यासाठी त्याला विष दिलं जातं, मग स्वतःच्या खुनाची तक्रार द्यायला तो स्वतःच पोलिसांत जातो. फक्त एक सांभाळा, फुकटच्या प्रिंट बऱ्याच खराब असतात, अंधारातला भाग नुसता काळा डाग होतो आणि याच पिक्चरमध्ये निम्मं काम अंधारात चाललेलं असतं, तेव्हा दोन-तीन प्रिंट पाच मिनिटं बघून मगच एक निवडा. सबटायटलसाठी अर्ध्यात एकदा थांबवून चहा घ्या आणि इंग्लिशचा वेग ज्यांना झेपत नाही त्यांना तोपर्यंतची गोष्ट कोणीतरी मराठीत सांगा, ट्यूबलाइट मात्र तेव्हाही लावू नका, डोळ्यांना परत अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो.