प्रश्न तुमचे: कंपनीच्या मेल सर्व्हरवर प्रत ठेवताना

प्रश्न: आमचा अंबड एमआयडीसीत यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. ४० जणांना कंपनीचा मेल आहे. उबुंटू लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं) आणि डव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारं) आमच्याच सर्व्हरवर चालतं. विक्री विभागातला एक जण नोकरी सोडून गेला. जाण्याआधी त्यानं इनबॉक्स आणि सेंट दोन्ही रिकामे केले, त्यामुळे कुणाला कुठले दर कळवले होते ते आता सापडत नाही. पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘ऑल्वेज_बीसीसी’ टाकलं की प्रत्येक मेलची प्रत वेगळी राहते असं कळलं. तेवढं पुरेल का?
– एक वाचक, नाशिक

प्रत राहील, पण सगळ्यांचीच राहील. पगाराचा तपशीलही त्यात येईल आणि लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या अंतर्गत समितीची पत्रंही. त्या तक्रारी गोपनीय ठेवणं २०१३च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तुमची अडचण विक्री विभागाची आहे, तर तेवढीच खाती धरा. त्यासाठी पोस्टफिक्समध्ये दोन वेगळ्या सोयी आहेत: जाणाऱ्या मेलसाठी ‘सेंडर_बीसीसी_मॅप्स’ आणि येणाऱ्यासाठी ‘रेसिपियंट_बीसीसी_मॅप्स’.

दोन्हींसाठी एकेक साधी मजकूर फाइल करा. प्रत्येक ओळीत डावीकडे विक्रीच्या माणसाचा पत्ता, मग जागा सोडून प्रत जिथे जायची तो पत्ता. मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलीत दोन्ही फाइलींचा मार्ग ‘हॅश:’ (हा फाइलीचा प्रकार) लावून लिहा, दोन्हींवर ‘पोस्टमॅप’ चालवा (तो मजकुरापासून सर्व्हर वाचतो ती .डीबी फाइल बनवतो) आणि मग ‘पोस्टफिक्स रीलोड’ द्या. फाइल बदलून पोस्टमॅप विसरणं ही नेहमीची चूक आहे. मजकूर नवा दिसतो, पण सर्व्हर जुनी .डीबी फाइलच वाचत राहतो. म्हणून दर बदलानंतर पोस्टमॅपच्या ‘क्यू’ पर्यायानं एक पत्ता विचारून बघा. उत्तरात प्रतीचा पत्ता आला पाहिजे. काही नव्या लिनक्स वितरणांत ‘हॅश’ प्रकार काढून टाकला आहे. ‘पोस्टकॉन्फ -एम’नं यादी बघा आणि त्यात एलएमडीबी हा प्रकार असेल तर तो वापरा.

यात एक भोक राहतं. सेंडरची यादी पाकिटावरचा पत्ता बघते, म्हणजे मेल देताना सर्व्हरला वेगळा सांगितलेला पाठवणाऱ्याचा पत्ता. कुणी मेल प्रोग्राममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला, तर प्रत निघतच नाही. म्हणून ‘एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स’मध्ये कुठल्या लॉगिनला कुठला पत्ता वापरता येईल ते लिहा आणि ‘रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच’ लावा. हे केल्याशिवाय वरची सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

दुसरी गोष्ट बीसीसीची, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या प्रतीची. तुमच्या माणसानं ग्राहकाला मेल पाठवताना स्वतःचा जीमेल बीसीसीत घातला, तर साठवलेल्या प्रतीत तो पत्ता दिसत नाही. तो फक्त पाकिटावर असतो आणि त्याची नोंद मेल लॉगमध्येच, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीतच राहते. प्रतीतल्या ‘रिसीव्ह्ड’ ओळीत पोस्टफिक्सचा क्यू आयडी, म्हणजे त्या मेलला दिलेली खूण असते. तोच आयडी लॉगमध्ये शोधला की त्या मेलच्या सगळ्या ‘टू=’ ओळी एकाखाली एक निघतात आणि जीमेलचा पत्ता उघडा पडतो. माहिती बाहेर कुणाकडे गेली याच्या चौकशीत मेलच्या प्रतीपेक्षा या चार ओळी जास्त कामाच्या ठरतात. पण उबुंटूवर जुने लॉग काढून टाकणारा लॉगरोटेट मूळ सेटिंगप्रमाणे मेलचे लॉग आठवड्याला फिरवतो आणि चारच जुने ठेवतो, म्हणजे महिन्याभरात पुरावा गेला. तो आकडा ४ वरून २७ करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशानुसार लॉग १८० दिवस ठेवायचेच असतात. २६ आठवड्यांचे १८२ दिवस होतात, एक आठवडा हाताशी जास्त.

जागेचा हिशेब आधी करा. १० जण, प्रत्येकी येऊन-जाऊन ८० मेल, सरासरी २०० केबी धरा. दिवसाला १६० एमबी, २६ दिवसांच्या महिन्याला सुमारे ४.२ जीबी, वर्षाला ५० जीबी. ड्रॉइंग जोडून पाठवत असाल तर दुप्पट धरा. जागा मिळेलही, पण वर्षाचे अडीच लाख मेल एकाच फोल्डरात पडले की शोधताना प्रोग्राम अडकतो. डव्हकॉटच्या सिव्ह या मेल वर्गवारीच्या नियमभाषेत चालू वर्ष-महिना वाचून त्या नावाच्या फोल्डरात मेल टाकणारा चार ओळींचा नियम लिहा, त्यात ‘क्रिएट’ पर्याय द्या, म्हणजे नवा महिना लागला की फोल्डर आपोआप तयार होतो.

प्रतीच्या खात्याचा पासवर्ड एकाच्या हाती नको. सर्व्हर सांभाळणाऱ्याला खातं चालू ठेवता यावं, पण वाचायची परवानगी दुसऱ्या कुणाकडे असावी आणि प्रत्येक वेळी कोणी, कुठल्या तारखेला, कशासाठी उघडलं हे वहीत लिहिलं जावं. डव्हकॉटचा लॉगिन लॉग त्या वहीशी महिन्यातून एकदा ताडून बघा.

प्रश्न: अल्मालिनक्सवर ‘ऑल्वेज_बीसीसी’ लावलं. पहिल्या दिवशी प्रत्येक मेलच्या दोन-दोन प्रती आल्या. दुसऱ्या दिवशी ग्राहकांचे फोन आले की, तुमच्याकडून मेल परत येतोय आणि त्या परतीच्या मेलमध्ये आमच्या प्रतींच्या गुप्त खात्याचं नाव होतं!
– एक वाचक, इचलकरंजी

दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

दुहेरी प्रती बहुधा विषाणू-स्पॅम गाळणीमुळे. मेल आधी पोस्टफिक्समध्ये येतो, अमाविस या गाळणीकडे जातो आणि १००२५ पोर्टवरून पुन्हा आत येतो. पोस्टफिक्सच्या दृष्टीनं तो दोनदा आला, म्हणून प्रतही दोनदा निघाली. गाळणीच्या आधीच्या बाजूला, म्हणजे मास्टर.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेवांच्या फाइलीतल्या एसएमटीपीच्या ओळीखाली, ‘रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्स’मध्ये ‘नो_अ‍ॅड्रेस_मॅपिंग्ज’ लिहा. मग प्रत गाळणीनंतरच निघेल. सबमिशनची, म्हणजे तुमच्या माणसांनी पाठवलेले मेल घेणारी, सेवा स्वतंत्र लिहिलेली असेल आणि तिचेही मेल गाळणीतून जात असतील, तर तिथंही हेच. १००२५च्या ओळीत मात्र हा शब्द राहू देऊ नका, नाहीतर प्रत अजिबातच निघणार नाही.

परत येणाऱ्या मेलचं मूळ आकारात आहे. प्रतीचं खातं सर्व्हरचाच एक युझर केला असेल आणि त्याचे मेल एकाच फाइलीत साठत असतील, तर पोस्टफिक्सची मूळ मर्यादा ५,१२,००,००० बाइट्स, म्हणजे जेमतेम ५१ एमबी आहे. सगळ्या कंपनीच्या प्रतींना ती दीड-दोन दिवसही पुरत नाही. लॉगमध्ये ‘एरर रायटिंग मेसेज: फाइल टू लार्ज’ दिसेल. (उबुंटू-डेबियनवर ही मर्यादा पॅकेजमध्येच शून्य, म्हणजे अमर्याद केलेली असते, म्हणून तिथं हा घोळ दिसत नाही.) ‘मेलबॉक्स_साइझ_लिमिट’ शून्य करा आणि मेलडिर पद्धतीवर या, त्यात प्रत्येक मेलची फाइल वेगळी असते.

ग्राहकाला का कळलं? आपोआप निघालेल्या प्रतीवर पोस्टफिक्स (२.३ आवृत्तीपासून) ‘न पोचल्यास पाठवणाऱ्याला कळवू नका’ अशी खूण लावतो, पण गाळणीसारखं मधलं सॉफ्टवेअर ती खूण पुढे नेत नसेल, तर परतीची सूचना मूळ पाठवणाऱ्याकडे जाते. त्यावर उपाय आहे. प्रत थेट खात्याकडे न धाडता /ईटीसी/एलियासेस या टोपणनावांच्या फाइलीतल्या एका नावाकडे धाडा, समजा ‘प्रत’, आणि खाली ‘ओनर-प्रत’ हे नाव पोस्टमास्टरकडे वळवा. (प्रत्यक्ष फाइलीत ही नावं अर्थातच रोमन लिपीत लिहायची, आणि ‘ओनर’नंतरची आडवी रेघ विसरायची नाही.) मग पाकिटावरचा पाठवणारा बदलतो आणि अडचण झाली तर सूचना तुमच्याकडे येते. मेलच्या आतली ‘फ्रॉम’ ओळ तशीच राहते, फक्त ‘रिटर्न-पाथ’ (परतीचा पत्ता) बदलतो. एलियासेस बदलल्यावर ‘न्यूएलियासेस’ चालवा.

आणि हे लावलं तरी डिस्क ८० टक्के भरली की इशारा येईल अशी सोय हवीच. डिस्क पूर्ण भरली की प्रतच काय, सगळा मेल थांबतो.

प्रश्न: मी पुण्यात नोकरी करते. कंपनी आमचे मेल तपासणार असं उडत उडत ऐकलं. न सांगता असं करता येतं का? माझा जीमेलही दिसतो का?
– एक वाचक, पुणे

जीमेल ब्राउझरमध्ये उघडलात तर तो कंपनीच्या मेल सर्व्हरमधून जातच नाही, तिथं त्याची प्रत निघत नाही. मात्र संगणक कंपनीचा असेल आणि त्यावर पडदा टिपणारं सॉफ्टवेअर बसवलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. खाजगी पत्रव्यवहार आपल्या फोनवरून करावा.

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, उदाहरणार्थ व्यापारी गुपितं राखण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. ही मुभा कारणापुरती आहे. कुतूहल म्हणून कुणाचाही मेल उघडणं तिच्यात बसवता येणार नाही. शिवाय साठवलेली माहिती नीट न सांभाळल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, हे मालकांनीही लक्षात घ्यावं.

आमचं मत स्पष्ट आहे: न सांगता प्रत ठेवू नये. नेमणूकपत्रासोबत एक पानी सूचना द्यावी, ती मराठीतही असावी. कुठली खाती, का, किती महिने, उघडणार कोण आणि तक्रार कुणाकडे करायची, एवढं त्यात असलं की पुरे. तुम्ही मनुष्यबळ विभागाकडे हे पाच प्रश्न लेखी विचारा.

मालकाच्या बाजूनंही सांगून ठेवणं फायद्याचं आहे. उद्या हे मेल न्यायालयात दाखवायचे झाले, तर १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलीचा हॅश, म्हणजे फाइलीतून गणितानं काढलेला तिचा ठसा, लिहावा लागतो. दर महिन्याचं फोल्डर बंद झालं की त्याचा एसएचए-२५६ हॅश काढून तारखेसह वहीत लिहिलेला असेल, तर ते काम दहा मिनिटांचं होतं.