रसावरची साय मोडू नका

ॲल्युमिनियम ओतकाम करणाऱ्या वाचकांची या वेळची बरीच पत्रे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंविषयी आहेत. त्यांतली पाच घेतो.

प्रश्न : आमच्याकडे वर्षानुवर्षे एलएम ६ हा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा मिश्रधातू चालतो. आता एलएम ५ या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे काम आले आहे. भट्टी तीच, माणसे तीच, मग मळी, म्हणजे रसावर जमणारा ऑक्साइडचा कचरा, एवढी जास्त का निघते?

उत्तर : एलएम ६ मध्ये मॅग्नेशियम फार तर ०.१ टक्का, एलएम ५ मध्ये ३ ते ६ टक्के. सगळा फरक इथे आहे. शुद्ध ॲल्युमिनियमचा रस, म्हणजे वितळलेला धातू, हवेला लागला की लगेच ऑक्साइडची साय धरतो आणि ती साय खालच्या रसाला राखते. १०० घनसेंमी ॲल्युमिनियम जळले तर सुमारे १२८ घनसेंमी ऑक्साइड होतो, म्हणजे पृष्ठभाग पुरता झाकला जातो. मॅग्नेशियमचे १०० जळून ८१ च होतात. पांघरूण आखूड पडते, फटी राहतात. शिवाय मॅग्नेशियमला ऑक्सिजनची ओढ ॲल्युमिनियमपेक्षा जास्त. त्यामुळे रसात ते साधारण २ टक्क्यांवर असले की साय मुख्यतः त्याच्याच ऑक्साइडची बनते. कमी असले तर दोन्ही धातूंचा मिळून एक ऑक्साइड, स्पिनेल, होतो. तुमच्या माणसांची यात चूक नाही.

प्रश्न : रात्री रस होल्डिंग भट्टीत (वितळलेला धातू गरम ठेवणाऱ्या भट्टीत) ठेवला. झोपण्यापूर्वी पाहिले तेव्हा वरचा थर गुळगुळीत होता. सकाळी फुलकोबीसारखे काळे गड्डे उगवले होते!

उत्तर : हीच या मिश्रधातूंची फसवी बाजू. सुरुवातीला साय पातळ आणि सलग असते, ऑक्सिडेशन संथ चालते. पण ती हळूहळू स्फटिकरूप होते, तिच्यात स्पिनेल वाढू लागतो आणि ती तडकते. तडीतून रस वर येतो, जळतो, नवा थर पुन्हा तडकतो. गड्डे असेच वाढतात, आणि त्यांच्यात धातूही अडकून राहतो. तापमान जितके जास्त, तितकी ही वेळ लवकर येते. त्यामुळे ७५० अंशांच्या वर जाऊ नका आणि असा रस रात्रभर मुळीच ठेवू नका. पाळी संपण्याआधी ओतून मोकळे व्हा. ठेवावाच लागला तर सकाळी नमुना तपासल्याशिवाय ओतू नका, मॅग्नेशियम घटलेले असणार. गड्ड्याचा तुकडा कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून केलेल्या भागात, गेला तर तो मशीनवर हत्याराची धार घालवतो.

ओततानाही हेच लक्षात ठेवा. साय मोडून रसात दुमडली की तिचे दोन कोरडे पदर एकमेकांना चिकटत नाहीत, कास्टिंगमध्ये आयती चीर तयार होते. बर्मिंगहॅमचे ओतकामतज्ज्ञ जॉन कॅम्पबेल यांनी यासाठी रसाच्या वेगाची मर्यादा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर सांगितली. रस जेमतेम १३ मिलिमीटर खाली पडला तरी तो वेग येतो. तेव्हा लॅडल (रस ओतायचा पळा) साच्याच्या तोंडाशी टेकवूनच ओता.

प्रश्न : मॅग्नेशियमची लादी टाकली की वर तरंगून पेट घेते.

उत्तर : तरंगणारच. तिची घनता १.७४, रसाची सुमारे २.४. आधी तापवून कोरडी करा, मग भोकांच्या टोपीखाली दाबून बुडवा आणि विरघळेपर्यंत धरून ठेवा.

प्रश्न : रस साफ करायला त्यावर टाकतात तो क्षारांचा फ्लक्स एलएम ६ चाच वापरला तर?

उत्तर : नको. त्यात बहुधा सोडियमचे क्षार असतात. सिलिकॉनच्या मिश्रधातूला सोडियम मानवते, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूला गरम असताना ठिसूळ करते. सोडियममुक्त फ्लक्स मागा, आणि तो ओलसर नको. मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते, हायड्रोजन रसात शिरतो.

प्रश्न : पुरवठादार म्हणतो, चिमूटभर बेरिलियम घाला, मळी बंद. खरे का?

उत्तर : खरे आहे. दहा लाख भागांत वीस-तीस भागही पुरतात. सायीत बेरिलियमचा दाट ऑक्साइड होतो आणि मॅग्नेशियम वर येणे मंदावते. तरीही मी घालू नका असेच सांगेन. मळी ओढताना आणि कास्टिंग घासताना उडणारी बेरिलियमची धूळ फुफ्फुसात गेली तर होणारा आजार कधीकधी अनेक वर्षांनी उघड होतो, तोवर तो कामगार तुमच्याकडे नसेलही. वेल्डिंगच्या ॲल्युमिनियम तारेत बेरिलियमची मर्यादा ०.०००३ टक्के आहे, ती याच भीतीने. भट्टीतल्या हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिडेशन बरेच मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. विचार करायचा तर त्या वाटेचा करा. आणि बेरिलियम आधीच घालून झाले असेल, तर त्या मालाचे रनर-रायझर (कास्टिंगपासून कापून काढलेले, पुन्हा वितळवायचे तुकडे) वेगळे ठेवा, डब्यावर तसे लिहा आणि घासणाऱ्या माणसाला स्वतः जाऊन सांगा.