जुन्या लाकडी रेडिओच्या पेटीत डेस्कटॉप कॉम्प्युटर बसवता येईल का? लाकूड पेट तर घेणार नाही?

बसवता येतो. प्रोसेसरच्या उष्णतेने लाकूड पेटत नाही: १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, आणि लाकूड पेटायला त्याच्या दुपटीहून जास्त तापमान लागतं. धोका असतो तो सैल जोडांचा, शॉर्टचा आणि अर्थिंग नसण्याचा.

पेटी रिकामी करताना आत व्हॉल्व्हजवळ (रेडिओतल्या काचेच्या नळ्यांजवळ) करडा-पांढरा, पुठ्ठ्यासारखा तक्ता चिकटवलेला दिसला तर तो खरवडू नका. काही जुन्या रेडिओंमध्ये तो ॲस्बेस्टॉसचा असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक.

मग मापं. मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) मदरबोर्ड १७० × १७० मिमी, एसएफएक्स (छोटा) एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, १२५ × ६३.५ × १०० मिमी. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० × ८६ मिमी आणि खोलीला किमान १४० मिमी, त्यामुळे रेडिओच्या पेटीत तो बहुधा अडतोच. या मापांचे पुठ्ठ्याचे ठोकळे करून आत ठेवून बघा. एसएमपीएसच्या वायरी ताठ असतात, त्यांच्या वळणासाठी ३०-४० मिमी मोकळे सोडा. लोक हमखास विसरतात ते हेच.

आता अर्थिंग, आणि यात हयगय नको. पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच्या बॉडीचं अर्थ स्क्रूंमधून सगळ्या सांगाड्याला मिळतं. लाकडात ते तिथेच थांबतं. म्हणून मदरबोर्ड थेट लाकडावर ठोकू नका. भंगारातल्या कॅबिनेटचा मदरबोर्डचा पत्रा कापून घ्या. त्यावर स्टँडऑफचे (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या छोट्या खुंट्यांचे) आटे तयार मिळतात. मिनी-आयटीएक्सला चारच स्टँडऑफ लागतात, बाकीचे काढा, नाहीतर एखादा बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. पत्र्यावरचा रंग एका कोपऱ्यात खरवडून तिथून एसएमपीएसच्या स्क्रूपर्यंत रिंग लग (टोकाला स्क्रूत अडकणारी धातूची कडी) लावलेली वायर ओढा. प्लग काढून, एसएमपीएसच्या सॉकेटमधली अर्थची पिन आणि पत्रा यांच्यात मल्टिमीटर लावा: १ ओहमच्या आत यायला हवं. भोकं पाडणं, कापणं सगळं बोर्ड बसवण्याआधी उरका. धातूचा एक कीसही बोर्ड घालवू शकतो.

लाकूड उष्णता बाहेर सोडत नाही, तेव्हा सगळी भिस्त वाऱ्यावर. स्पीकरचं जुनं कापड हवा अडवतं. त्याच्या मागे पंखा लावून उपयोग नाही. हवा तळातून घ्या (पेटीला २० मिमी उंच पाय लावा) आणि मागच्या बाजूने, वरून बाहेर काढा. १२० मिमी पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मिमी असतं. प्रोसेसर ६५ वॅटचा घेतला तर त्याच्यावर बसणारा बुटका कूलर पुरतो, पण कूलरच्या पंख्यावर किमान २० मिमी जागा हवी. एसएमपीएसच्या पंख्यालाही स्वतःची जाळी द्या.

रेडिओचा मूळ फिरवायचा स्विच वापरायचा मोह होईल. तो चालू स्थितीत अडकून राहतो. मदरबोर्डला ते बटण दाबून धरल्यासारखं वाटतं आणि साधारण ४ सेकंदांत मशीन बंद पडतं. नॉबच्या मागे दाबून सुटणारा पुश स्विच बसवा. त्याच्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तरी चालतात, एलईडीच्या मात्र नाही.

शेवटी प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून अर्धा तास पेटी उघडी ठेवून चालवा, मग अर्धा तास पेटी बंद करून. दोन्ही तापमानांत १० अंशांहून जास्त फरक पडला तर माझ्या मते हवेची भोकं कमी पडताहेत. आधी तळाचं भोक मोठं करा, दुसरा पंखा नंतर.