आत्याचे साडेतीन लाख: खोली, सोसायटी की पोस्ट?

बेळगावहून एका ताईंनी विचारलंय: आमची आत्या, सिद्दी समाजाची, वय ७१, खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला एकटी राहते. गोव्यात घरकाम करून तिनं साडेतीन लाख साठवलेत. भाऊ म्हणतो, त्या पैशात आमच्या घरावर खोली चढवू आणि तिला इकडंच आणू. गावातला पिग्मी एजंट सोसायटीत बारा टक्के देतो म्हणून मागं लागलाय. आत्या गाव सोडायला तयार नाही.

ताई, खोलीचं आधी बघू. घर भावाच्या नावावर, म्हणजे खोलीही त्याचीच. उद्या वहिनीशी पटलं नाही तर आत्या स्लॅब उचलून गावी नेणार आहे का? शिवाय रेशनकार्ड. स्वतःच्या कार्डावर ती कुटुंबप्रमुख आहे, म्हणून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० तिला मिळू शकतात. भावाच्या कार्डात नाव गेलं आणि प्रमुख वहिनीच राहिली, तर आत्याचे बंद. हा हिशोब घरात सहसा कुणी मांडत नाही.

सोसायटी नकोच. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकेला असतो, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेला, सौहार्द सोसायटीला (कर्नाटकातली सहकारी संस्थाच ती) नसतो. चेअरमन ओळखीचा असला म्हणून ठेव सुरक्षित होत नाही.

मी ३ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत घालायला सांगेन. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६,१५० रुपये, पाच वर्षं तोच दर. जोडखातं फक्त नवरा-बायकोचं चालतं, तेव्हा तुम्ही नॉमिनी व्हा. फॉर्म कन्नडमध्ये भरला तर तुमचं नाव नीट लिहिलंय ना, ते बघूनच आत्याचा अंगठा घ्या. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज हातचं जातं. म्हणून उरलेले ५०,००० साध्या बचत खात्यात ठेवा आणि थोडी रोकड घरात, कारण ओढ्याला पाणी चढलं की खानापूर लांब पडतं. (बस बायकांना फुकट आहे खरी, पण ती यायला तर हवी.)

संध्या सुरक्षेची, म्हणजे कर्नाटकातली म्हातारपणाची, पेन्शन चालू असेल तर तिला उत्पन्नाची अट आहे. वर्षाचं व्याज २४,६०० होईल; ते लपवू नका, पोस्टात जायच्या आधी नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) विचारा.

छप्पर गळतंय असंही तुम्ही लिहिलंय. मिरगाच्या आधी त्याच पन्नासातून घर शाकारून घ्या. बेळगाव-धारवाडचे सिद्दी २०२० मध्ये अनुसूचित जमातीत आले. आत्याचा दाखला काढला नसेल तर नाडकचेरीच्या त्याच खेपेत अर्ज द्या, घरकुलाला लागेल.