लेपर्ड गेकोच्या टँकमध्ये तापमान नेमकं किती हवं?

तुम्ही लिहिलंय की मिनियापोलिसला मुलीसाठी लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) आणून दहा दिवस झाले. 20 गॅलनच्या टँकखाली हीट मॅट लावली आहे, काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर 76 फॅरनहाइट दाखवतो आणि गेको काहीच खात नाही. आकडा वर जावा म्हणून दुसरी मॅट लावू का, असा तुमचा प्रश्न आहे.

दुसरी मॅट आणू नका. आणि आहे त्या मॅटला थर्मोस्टॅट (तापमान बघून मॅट आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) लावलेला नसेल, तर आधी उठून तिचा प्लग काढा, बाकीचं उत्तर मग वाचा. घरात रात्री 20-21 सेल्सिअस असेल, तर तेवढ्या थंडीत एक-दोन रात्री राहिल्याने गेकोला काही होत नाही. भाजल्याने मात्र होतं, आणि ते बरं व्हायला महिने लागतात.

हे मी पाहिलेलं आहे म्हणून इतक्या घाईने सांगतेय. मी कॅलगरीत राहते. नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे मिरी आली, ती आमची पहिली गेको. दुकानदाराने मॅट देताना सांगितलं होतं की ही ठरावीक तापमानापलीकडे जात नाही, वेगळं काही लावायची गरज नाही. आमच्याही काचेवर तसाच गोल काटा होता आणि तो 78 दाखवायचा. आम्ही निर्धास्त. दीड महिन्याने टँक साफ करताना मिरीला उचलून हातावर घेतलं, तर पोट वेगळंच दिसलं. गेकोच्या पोटाची कातडी दुधाळ असते, इतकी पातळ की आतलं काही काही दिसतं. तिथे रुपयाएवढा गुलाबी डाग होता आणि त्याच्या कडेचे खवले पिवळट, कडक झालेले होते, वाळलेल्या डिंकासारखे. शेजाऱ्यांकडून तापमान मोजायची गन मागून आणली आणि ती बसायची त्या जागेवर रोखली, तर 47 सेल्सिअस! काटा त्या क्षणीसुद्धा 78 फॅरनहाइटच दाखवत होता, म्हणजे जेमतेम 25-26 सेल्सिअस.

काटा खोटं बोलत नव्हता. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगत होता आणि मिरी बसत होती जमिनीवर. मॅट हवा जवळजवळ तापवतच नाही, ती तापवते वरची काच. त्यामुळे हवेचा आकडा वाढवायला दुसरी मॅट लावलीत तर आकडा फारसा हलणार नाही आणि खालची जमीन तव्यासारखी होईल. जनावर चटका बसला की उठून जाईल, असं आपण धरून चालतो. मिरी उठून गेली नाही. त्याच जागेवर, पोट टेकून, रोज बसत राहिली.

आता मूळ मुद्दा. गेकोला गरम टँक नको असतो. त्याला एक गरम जागा हवी असते, एक थंड जागा हवी असते आणि दोन्हींच्या मध्ये चालत जायला वाट हवी असते. त्याचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवायला तो गरम जागी जातो, पचलं की थंड बाजूला जाऊन पडतो. थर्मोस्टॅट तो स्वतःच असतो म्हणा ना, आपण फक्त त्याला दोन टोकं द्यायची.

लेपर्ड गेको मूळचे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ डोंगरांतले. दिवसा दगडाखाली, फटीत पडून राहतात आणि संध्याकाळी बाहेर येतात. मे महिन्यात दिवेलागणीला गच्चीवर अनवाणी गेलात तर हवा जरा निवलेली असते पण फरशीतून ऊब येत राहते, ती आठवा. तशा दगडावर हा पोट टेकून बसतो. (महाराष्ट्रातही यांचा एक चुलतभाऊ आहे, युब्लेफॅरिस फस्कस. लोक त्याला विषारी समजून मारतात. त्याला विष नसतं. गावाकडे कधी दिसला तर पकडू नका आणि मारूही देऊ नका.)

तर आकडे. गरम बाजूला, ज्या फरशीवर किंवा दगडावर तो पोट टेकतो तिथे, पृष्ठभागाचं तापमान 32 ते 34 सेल्सिअस, म्हणजे तुमच्या 90 ते 93 फॅरनहाइट. त्या बाजूच्या लपायच्या खोपटात 31-32. थंड टोकाला 24 ते 26, म्हणजे 75 ते 79. रात्री सगळं 20-21 पर्यंत उतरलं तरी चालतं, उतरलेलं बरंच, कारण डोंगरातही रात्री गार होतं. 18 च्या खाली मात्र नको. कॅनडा-अमेरिकेत राहून आपली सेल्सिअस-फॅरनहाइटची रोज गल्लत होते, म्हणून दोन्ही आकडे एका कागदावर लिहून टँकच्या झाकणावर चिकटवा. मुलगीही बघेल.

हात लावून अंदाज घेऊ नका. आपल्या तळहाताची कातडीच साधारण 32-33 अंशांची असते. त्यामुळे योग्य तापलेला दगड हाताला गरम लागतच नाही, नुसता बेताचा वाटतो. "अजून तापलं नाही" म्हणून लोक उष्णता वाढवतात ते इथेच. हाताला चांगलं गरम लागलं, तर ते गेकोला केव्हाच जास्त झालेलं असतं.

मोजायला दोन गोष्टी घ्या: प्रोब (तारेच्या टोकाचा सेन्सर) असलेला डिजिटल थर्मामीटर आणि इन्फ्रारेड गन, म्हणजे लांबून रोखून तापमान मोजायची. गन कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तो गोल काटा काढून टाका.

थर्मोस्टॅटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तो आणूनही लोक चुकतात. मॅटसाठी साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट पुरतो. बल्बसाठी डिमिंग प्रकारचा लागतो, नाहीतर बल्ब सारखा लुकलुकत राहतो आणि लवकर जातो. नुसता कमी-जास्त करायचा डिमर म्हणजे थर्मोस्टॅट नव्हे. त्याला तापमान कळत नाही, खोली तापली की जमीनही तापत जाते. प्रोब ठेवायचा मॅटच्या बरोबर मध्यावर, टँकच्या आत, काच आणि वरची फरशी यांच्यामध्ये. तो सक्शन कपने बसवू नका. कप सुटतो, प्रोब थंड बाजूला जाऊन पडतो, थर्मोस्टॅटला वाटतं की अजून गार आहे आणि तो मॅट चालूच ठेवतो. चिकटपट्टीही आत नको, गेको तिला चिकटतो आणि सोडवताना कातडी निघते. अॅक्वेरियमसाठी मिळणाऱ्या सिलिकोनचा एक ठिपका लावा, चोवीस तास वाळू द्या. थर्मोस्टॅट 33 वर लावा, दोन तासांनी फरशीच्या वरच्या बाजूवर गन रोखा आणि तिथे 32-33 येईपर्यंत एकेका अंशाने फिरवत बसा. मला एक अख्खी दुपार लागली होती.

मॅट टँकच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागाखालीच हवी, एका टोकाला. तुमचा टँक लांबट 20 गॅलनचा, म्हणजे 30 इंच बाय 12 इंचांचा असेल तर दोन टोकांत फरक राखता येतो, पण जेमतेम. पुढेमागे 36 बाय 18 चा घेता आला तर घ्या. काचेचा टँक टेबलावर अगदी टेकवून ठेवू नका, खाली छोटे पाय लावून हवेला जागा द्या, नाहीतर उष्णता कोंडते. मॅटच्या वर जाड वाळूचा थर तर नकोच. वर वाळू गारच राहते आणि गेको उकरत उकरत नेमका तापलेल्या काचेपर्यंत पोचतो. पातळ स्लेटची फरशी सर्वांत चांगली: ऊब धरून ठेवते, पुसता येते, नखंही झिजतात. दुकानात मिळणारे वीजेवर तापणारे "हॉट रॉक" मात्र अजिबात घेऊ नका. ते कुठे कमी कुठे जास्त तापतात.

आमच्याकडे आता मॅट नाही. दुसरी गेको आली तेव्हा आम्ही वरून उष्णता द्यायला लागलो: दिवसा 50 वॉटचा हॅलोजन फ्लड बल्ब, डिमिंग थर्मोस्टॅटवर, खाली स्लेट. खरा दगड उन्हाने वरून तापतो, तसाच हा तापतो, आणि हवाही उबदार राहते. पोटाकडूनही ऊब मिळते आणि पाठीकडूनही. तुमच्यासारख्या थंड गावात मला हेच जास्त पटतं. पण तुम्ही मॅट घेतली आहे, तिच्यावर थर्मोस्टॅट लावून काम भागतं. ती फेकून द्यायची गरज नाही. किती वॉटचा बल्ब हे झाकणाच्या उंचीवर अवलंबून असतं, म्हणून बल्ब घ्याल तेव्हाही गनवरचा आकडा हाच खरा.

जानेवारीत मिनियापोलिसला बाहेर उणे 20 असताना घरातलं हीटिंग रात्री कमी करत असाल, तर टँक 18 च्या खाली जाऊ शकतो. त्यासाठी सिरॅमिक हीटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर घ्या, दोन्हींना उजेड नसतो. होल्डर चिनीमातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. रात्रीसाठी लाल किंवा निळा बल्ब विकतात, "गेकोला लाल दिसत नाही" म्हणतात. यावर विश्वास ठेवू नका. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की निशाचर गेको जातीला अंधुक चांदण्यातही रंग ओळखता येतात, जिथे आपल्याला नुसतं करडं दिसतं. त्यांनी अभ्यासलेली जात वेगळी होती, पण अशा डोळ्यांसमोर रात्रभर दिवा जाळायचं मला तरी धाडस होत नाही. रात्र काळोखीच असू द्या.

वीज गेली तर? गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून टँकच्या बाहेरून, एका बाजूला टेकवा आणि वरून ब्लँकेट टाका, झाकणाची एक फट उघडी ठेवून. गेल्या हिवाळ्यात आम्ही सात तास असे काढले. टँक 19 च्या खाली गेला नाही.

सुक्या हीटिंगच्या घरात आणखी एक गोष्ट लागते. गरम आणि थंड यांच्या मध्यावर एक बंद डबा ठेवा, त्याला दार कापा आणि आत ओलसर मॉस किंवा ओला पेपर टॉवेल घाला. कात टाकताना तो तिथे जाऊन बसतो. डबा नसला तर बोटांवर कातीची कडी राहतात, ती आवळत जातात आणि बोटाचं टोक झडतं. दर कातीनंतर बोटं मोजा.

आता त्याच्या न खाण्याबद्दल. दोन कारणं असू शकतात आणि बहुधा दोन्ही एकत्र आहेत. नवीन जागी आठ-पंधरा दिवस न खाणं नेहमीचंच आहे, मोठ्या गेकोच्या शेपटीत तेवढी चरबी असते. दुसरं म्हणजे त्याला पोट टेकायला योग्य जागाच नसेल, एक तर तापलेली काच किंवा गार कोपरा. ऊब नाही तर पचन नाही, म्हणून भूकही नाही. मुलीला सांगा, अजून आठवडाभर हातात घ्यायचं नाही. हे तिला सर्वांत जड जाईल, आमच्या मुलालाही गेलं होतं. गरम जागा दोन दिवस नीट 32-33 वर राहू द्या, मग संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर एक मीलवर्म (खाऊ म्हणून मिळणारी अळी) चिमट्याने समोर धरा. तो मान खाली घालून टक लावून बघायला लागला आणि शेपटीचं टोक थरथरायला लागलं, की हात हलवू नका, तो झडप घालणार असतो. जबरदस्तीने तोंडात काही कोंबू नका. थंड पोटात गेलेलं अन्न पचत नाही, उलटून पडतं.

एक खात्री करून घ्या: तो लेपर्डच आहे ना? पापण्या मिटतात का ते बघा, आणि काचेवर चढत नाही ना. पापण्या नसतील आणि काचेवर सरसर चढत असेल, डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखी झालर असेल, तर तो क्रेस्टेड गेको आहे. न्यू कॅलेडोनियाचा. त्याला 22 ते 26 च लागतं आणि 28 च्या वर त्याच्या जिवाला धोका होतो. वरचे सगळे आकडे त्याला लागू नाहीत.

आजच त्याला एकदा स्वच्छ काचेच्या भांड्यात ठेवून खालून पोट बघा. गुलाबी, तपकिरी किंवा कडक डाग दिसला तर घरचं कुठलंही मलम, हळद, कोरफड लावू नका. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या व्हेटकडे न्या, साधे कुत्र्या-मांजरांचे व्हेट बहुतेकदा परत पाठवतात, म्हणून आधी फोन करून विचारा. मिरीला दिवसातून दोनदा मलम आणि जमिनीवर फक्त पेपर टॉवेल, असं तीन महिने चाललं. डाग आता फिकट आहे, पण आहे. पोट स्वच्छ असेल, तापमान बसलं असेल आणि तरी आणखी दोन आठवड्यांत खाल्लं नाही किंवा शेपटी बारीक व्हायला लागली, तर ताजी शी एका डबीत घेऊन व्हेटकडे जा. जंत असतात बरेचदा, ते शी तपासली की कळतात.