हार्पसिकॉर्डला हात लावण्याआधी

पियानो येत असेल तर सर्वात आधी जोर लावायची सवय सोडा. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, पट्ट्यांचं वाद्य. त्याची पट्टी दाबली की आतली उभी लाकडी पट्टी वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेलं पिसाच्या देठाचं टोक तार छेडतं. जोरात दाबा की हळू, आवाज जवळपास तेवढाच. मग भाव आणायचा कसा? वेळेतून. सूर किती धरला, पुढचा कधी घेतला, दोघांत किती फट ठेवली, सगळं त्यावर. पट्टी अगदी सावकाश दाबून बघा. तार सुटण्याआधी बोटाला किंचित अडथळा जाणवतो. तो ओळखीचा झाला की हात आपोआप हलका पडतो.

क्लॅव्हिकॉर्ड हे पट्ट्यांचंच दुसरं जुनं वाद्य, ते वाजवायची संधी मिळाली तर मुळीच सोडू नका. त्यात पितळी पातं तारेला भिडून राहतं, म्हणून बोट हलवून सूर थरथरवता येतो. आवाज मात्र फारच नाजूक. जर्मन संगीतकार कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी १७५३ मध्ये दोन्ही वाद्यं जवळ ठेवायला सांगितलं, ते उगाच नाही.

सुरुवात त्यांचे वडील योहान सेबास्टियन बाख यांच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन्सपासून, म्हणजे दोन सुरावटी एकत्र चालणाऱ्या छोट्या रचनांपासून करा. आधी डावा हात वेगळा बसवा. संगीतकार स्कारलाटीच्या वेगवान सोनाटा, म्हणजे वाद्यासाठीच्या रचना, नंतर बघू.